कलमांमागचा माणूस

शिक्षणपद्धतीच्या संदर्भात लॉर्ड मेकॉलेचे नाव भारतात आजही दूषणासाठीच घेतले जाते. पण याच मेकॉलेने लिहिलेल्या मसुद्यावर या देशाचा फौजदारी कायदा तब्बल १६२ वर्षे उभा होता. पोलीस दलात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक पिढीने ज्याचे शब्द घोकले, त्या कायदेपंडिताच्या आयुष्याचा हा मागोवा.

फौजदार व्हायचे तर कलमे तोंडपाठ हवीत, ही महाराष्ट्रातील स्पर्धा परीक्षांच्या जगातली जुनी शिकवण. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांपासून नाशिकच्या पोलीस अकादमीपर्यंत हजारो तरुणांनी भारतीय दंड संहितेची पाने रात्री जागून पाठ केली. तीनशे दोन म्हणजे खून, तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न, तीनशे एकोणऐंशी म्हणजे चोरी. फसवणुकीचे चारशे वीस तर थेट बोलीभाषेत जाऊन बसले आणि लबाड माणसाला 'चारसोबीस' म्हणण्यासाठी कायदा वाचलेला असण्याची गरजही उरली नाही.

१ जुलै २०२४ रोजी हे आकडे इतिहासजमा झाले. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले, खुनाच्या प्रयत्नाचे १०९, चोरीचे ३०३ आणि फसवणुकीचे ३१८. जुन्या संहितेतील ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली. मात्र क्रमांक बाजूला ठेवून व्याख्या वाचू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. चोरी म्हणजे काय, सदोष मनुष्यवध म्हणजे काय, स्वसंरक्षणाचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची मांडणी बव्हंशी जुनीच आहे. तिचा उगम १८३७ सालच्या कोलकात्यात, एका अविवाहित, पुस्तकवेड्या आणि मायदेशासाठी झुरणाऱ्या इंग्रजाच्या लेखणीत आहे.

नावापुरता वकील

थॉमस बॅबिंग्टन मेकॉलेचा जन्म २५ ऑक्टोबर १८०० रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात रॉथली टेंपल येथे झाला. वडील झॅकरी मेकॉले गुलामगिरीविरोधी चळवळीतील अग्रणी होते. आफ्रिकेतील सिएरा लिओन वसाहतीचे गव्हर्नरपदही त्यांनी भूषवले होते. घरातले वातावरण धार्मिक आणि कडक शिस्तीचे. मुलाची स्मरणशक्ती मात्र विलक्षण होती. एकदा वाचलेली पाने तो वर्षांनंतरही जशीच्या तशी म्हणून दाखवीत असे.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने वक्तृत्वाची आणि काव्याची बक्षिसे मिळवली, पण गणिताने दगा दिला आणि सन्मानाच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही. तरीही १८२४ मध्ये तो ट्रिनिटीचा फेलो झाला. पुढच्याच वर्षी 'एडिंबरो रिव्ह्यू' या नियतकालिकात कवी मिल्टनवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पंचविशीतला हा तरुण एका रात्रीत नामवंत झाला. १८२६ मध्ये त्याने वकिलीची सनद घेतली. काही काळ तो उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांतून हिंडलाही, पण पक्षकार फारसे फिरकले नाहीत. पुढे ज्याने कोट्यवधी लोकांचा फौजदारी कायदा लिहिला, त्याने स्वतः वकिली जवळजवळ केलीच नाही.

त्याचे खरे व्यासपीठ संसद होते. १८३० मध्ये तो खासदार झाला आणि मतदानाचा हक्क विस्तारणाऱ्या सुधारणा विधेयकावरील भाषणांनी त्याने सभागृह गाजवले. याच काळात वडिलांची व्यापारी पेढी बुडाली होती. कर्ज आणि भावंडांचा सांभाळ थोरल्या मुलाच्या अंगावर आला. इतका की, केंब्रिजमध्ये मिळवलेले सुवर्णपदकही त्याला विकावे लागले.

अशा वेळी भारतातून संधी चालून आली. १८३३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेविषयक सदस्याचे नवे पद निर्माण केले होते. वार्षिक पगार होता दहा हजार पौंड. काही वर्षे भारतात काढली की आयुष्यभर कुणापुढे हात पसरायला नको, हा हिशेब उघड होता. भारताविषयी ओढ वाटून मेकॉले इकडे आला, असे म्हणता येणार नाही.

माणसांच्या खांद्यावरून उटकमंडला

फेब्रुवारी १८३४ मध्ये धाकटी बहीण हॅना हिला सोबत घेऊन त्याने बोट पकडली आणि १० जून रोजी तो मद्रासला उतरला. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक तेव्हा निलगिरीतील उटकमंड येथे मुक्कामाला होते. तिथपर्यंतचा सुमारे चारशे मैलांचा प्रवास मेकॉलेने पालखीतून, भोयांच्या खांद्यावरून केला. हा देश त्याने पहिल्यांदा पाहिला तो असा.

कोलकात्यात त्याचे बिऱ्हाड चौरंगी भागात होते. पहाटे उठून ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ वाचायचे, दिवसभर सरकारी काम करायचे आणि संध्याकाळी बहिणीशी गप्पा मारायच्या, असा त्याचा क्रम होता. त्या वर्षाच्या अखेरीस हॅनाने चार्ल्स ट्रेव्हेलियन या तरुण सनदी अधिकाऱ्याशी लग्न केले. पाठोपाठ दुसरी लाडकी बहीण मार्गारेट इंग्लंडमध्ये वारल्याची बातमी आली. मेकॉले खचून गेला. त्या काळात केवळ पुस्तकांनी आपल्याला तारले, अशी त्याची भावना होती.

याच दिवसांत, २ फेब्रुवारी १८३५ रोजी, त्याने शिक्षणाविषयीचे कुप्रसिद्ध टिपण लिहिले. संस्कृत किंवा अरबीचा गंध नसताना त्याने पौर्वात्य विद्येला तुच्छ लेखले. त्याबद्दल त्याच्यावर झालेली टीका रास्तच आहे. मात्र भारतीय समाजाचा कणा मोडण्याची भाषा करणारे, त्याच तारखेला ब्रिटिश संसदेत केल्याचे सांगितले जाणारे एक 'भाषण' त्याच्या नावावर फिरत असते, ते बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हे, कोलकात्यात होता.

एक राज्य, अनेक कायदे

मेकॉलेवर सोपवलेले मुख्य काम शिक्षणाचे नव्हते, कायद्याचे होते. सनदी कायद्यानुसार विधी आयोग नेमण्यात आला आणि त्याचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. कंपनी सरकारच्या मुलखात तेव्हा फौजदारी कायद्याचा अक्षरशः गोंधळ होता. कोलकाता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत सर्वोच्च न्यायालये इंग्लंडचा कायदा चालवीत. त्याच इंग्रजी कायद्याखाली १७७५ मध्ये कोलकात्यात महाराजा नंदकुमारला बनावट दस्तऐवजाच्या आरोपावरून फासावर चढवण्यात आले होते. शहराबाहेर बंगाल आणि मद्रास इलाख्यात इस्लामी फौजदारी कायदा होता, पण सरकारी विनियमांनी इतका बदललेला की मूळ कुठे आणि ठिगळ कुठे, हे सांगणे कठीण.

मुंबई इलाख्याची गोष्ट थोडी निराळी होती. पेशवाईच्या अस्तानंतर गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये विनियमांची संहिता केली होती आणि त्यातील चौदावा विनियम गुन्हे व शिक्षांविषयी होता. म्हणजे पुणे, खानदेश या भागाला लेखी फौजदारी कायदा बंगालच्या आधी मिळाला होता. पण मेकॉलेच्या कसोटीला तोही उतरला नाही.

तिन्ही इलाख्यांतील शिक्षा शेजारी शेजारी मांडल्यावर आयोगाला जी विसंगती दिसली, ती बोलकी आहे. बंगालमध्ये गंभीर बनावटीकरणाला खोट्या साक्षीच्या दुप्पट कैद होती. मुंबईत नेमके उलट, खोट्या साक्षीला बनावटीकरणाच्या दुप्पट. मद्रासमध्ये दोन्ही गुन्हे सारखेच. पळालेल्या कैद्याला मुंबई इलाख्यात इतर दोन इलाख्यांच्या दुप्पट शिक्षा होती. गुन्हा एकच, सरकार एकच, पण माणूस कोणत्या इलाख्यात सापडला यावर त्याची कैद ठरत होती. प्रचलित कायद्यांपैकी कोणताही पाया म्हणून न घेता नव्यानेच संहिता लिहायची, असा निर्णय मेकॉलेने घेतला. फ्रान्सची दंडसंहिता आणि अमेरिकेतील लुइझियाना राज्यासाठी लिव्हिंगस्टनने तयार केलेला मसुदा या दोन्ही त्याने पुढ्यात ठेवल्या.

आयोगात त्याच्याबरोबर चार्ल्स कॅमेरॉन, मद्रासचे मॅक्लाउड आणि मुंबईचे जॉर्ज अँडरसन होते. एकही भारतीय नव्हता. कोलकात्याची हवा सहकाऱ्यांना मानवली नाही. १८३६ च्या पावसाळ्यात ते एकामागून एक आजारी पडले आणि कामाचा भार मुख्यत्वे मेकॉलेवर आला. १४ ऑक्टोबर १८३७ रोजी छापील मसुदा गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांना सादर झाला. प्रकरणे २६ आणि कलमे ४८८. मेकॉलेच्या वयाला ३७ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते.

सामान्यांना कळणारा कायदा

कायदा नेमका असावा आणि साध्या माणसालाही कळावा, या दोन टोकांची सांगड घालण्यासाठी मेकॉलेने एक युक्ती योजली. आधी काटेकोर व्याख्या द्यायची आणि तिच्याखाली लगेच छोटी छोटी उदाहरणे द्यायची. ही उदाहरणे संहितेची ओळखच बनली. वर्णमालेतील अक्षरांनी ओळखली जाणारी माणसे त्यात एकमेकांची झाडे तोडतात, बैल हाकतात, अंगठ्या उचलतात.

चोरीचेच पाहा. अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव आणि वस्तूची हालचाल, या पाच गोष्टी जुळल्या तरच चोरी होते. जमिनीत उभे असलेले झाड जंगम वस्तू नाही, पण तेच नेण्याच्या हेतूने तोडून जमिनीपासून वेगळे केले की तत्क्षणी चोरी घडते. खजिन्याची पेटी वाहणारा बैल अप्रामाणिकपणे विशिष्ट दिशेला हाकला, की बैल हलताच खजिन्याची चोरी झाली. याउलट, भर रस्त्यात कोणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी उचलणारा चोर ठरत नाही. तो फार तर मालमत्तेच्या अपहाराचा दोषी ठरेल. ठाण्यात फिर्याद लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याने कोणते कलम लावायचे, हे अशाच बारकाव्यांवर ठरते. कलम चुकले की निरपराध माणूस कोठडीत जातो किंवा अपराधी न्यायालयातून सुटतो. पोलिसाच्या हातातील अटकेच्या अधिकाराला व्याख्येचे कुंपण हवे, हा या लेखनामागचा विचार होता.

शिक्षांच्या बाबतीत मेकॉले त्याच्या काळापेक्षा सौम्य होता. फाशी फक्त खून आणि राज्याविरुद्धचे सर्वांत गंभीर गुन्हे यांनाच असावी, असे त्याचे मत होते. फटक्यांची शिक्षा त्याने मसुद्यात ठेवलीच नाही. सरकारने ती १८६४ मध्ये वेगळ्या कायद्याने परत आणली. स्वसंरक्षणाचा हक्क त्याने मुद्दाम ऐसपैस ठेवला. या देशातील लोक जुलूम मुकाट्याने सोसतात, त्यांच्यात प्रतिकाराची धमक यावी, असे त्याला वाटत होते. त्यात वरपासून खाली पाहणाऱ्या राज्यकर्त्याची दृष्टी होती, पण लाभ सामान्य माणसाचाच झाला.

व्यभिचार हा गुन्हा मेकॉलेच्या मसुद्यात नव्हता. बालवयात लग्न लावून दिलेल्या आणि सवतींबरोबर नांदणाऱ्या स्त्रीला कायद्याने आणखी दंडित करणे त्याला मान्य नव्हते. ते ४९७ वे कलम पुढे इतरांनी घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. दुसरीकडे पतीने पत्नीशी केलेला संबंध बलात्कार ठरत नाही, हा अपवाद मात्र मेकॉलेच्याच मसुद्यातला. वयाची अट बदलली, तरी तो २०२३ च्या नव्या संहितेतही राहिला आहे.

बावीस वर्षे कपाटात

जानेवारी १८३८ मध्ये मेकॉले मायदेशी निघाला. तो समुद्रावर असतानाच तिकडे वडिलांचे निधन झाले. मसुदा कोलकात्यात मागे राहिला. न्यायाधीशांकडे तो अभिप्रायासाठी गेला आणि आक्षेपांचे ढीग जमले. भाषा अपरिचित आहे, व्याख्या फार ताणलेल्या आहेत, परंपरेला सोडून आहे, अशा तक्रारी होत्या. इंग्रज रहिवाशांची नाराजी तर आधीपासूनच होती. दिवाणी दाव्यांत त्यांना असलेला सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा खास हक्क काढणाऱ्या १८३६ च्या कायद्याला त्यांनी 'काळा कायदा' म्हणून हिणवले होते आणि मेकॉलेवर वृत्तपत्रांतून शिव्यांचा वर्षाव झाला होता. वृत्तपत्रांवरील निर्बंध उठवण्याच्या बाजूने मात्र तो तरीही ठाम राहिला.

बार्न्स पीकॉक या कायदेविषयक सदस्याने पुढे मसुद्याची कसून दुरुस्ती केली. ते काम मार्गी लागते न लागते तोच १८५७ चा उठाव झाला. कंपनीची सत्ता गेली, राणीचे राज्य आले आणि मग मात्र सरकारला घाई झाली. ६ ऑक्टोबर १८६० रोजी भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पोलीस कायदा हे दोन्ही १८६१ चे. पोलिसांनी छळ करून कबुलीजबाब मिळवण्याच्या प्रकारांनी मद्रास इलाख्यात खळबळ उडाली होती. त्यामुळे पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हा दंडक त्या प्रक्रिया संहितेत आला. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो २५ वे कलम झाला आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ व्या कलमात कायम आहे.

मेकॉलेने यातले काहीच पाहिले नाही. इंग्लंडला परतल्यावर तो युद्धमंत्री झाला आणि १८४८ पासून प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या इतिहासाच्या खंडांनी त्याला अमाप कीर्ती आणि पैसा दिला. १८५७ मध्ये तो लॉर्ड झाला. २८ डिसेंबर १८५९ रोजी लंडनमधील राहत्या घरी, ग्रंथालयातल्या आरामखुर्चीत बसल्या बसल्या त्याचे प्राण गेले. वेस्टमिन्स्टर अॅबेतील कवींच्या कोपऱ्यात त्याला पुरण्यात आले. संहिता मंजूर व्हायला तेव्हा नऊ महिन्यांहून थोडा अधिक अवधी बाकी होता.

राजद्रोहाचा डाग

या लेखणीची एक बाजू महाराष्ट्राला विसरता येणारी नाही. मसुद्यातील ११३ वे कलम राजद्रोहाचे होते. १८६० च्या कायद्यात ते गळाले. १८७० मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेविषयक सदस्याने १२४ (अ) म्हणून ते पुन्हा घातले. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी त्यांची रवानगी मंडालेला झाली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या मेकॉलेच्या मसुद्यातूनच 'केसरी'च्या संपादकाला तुरुंगात धाडणारे हत्यार निघाले.

कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्वही कागदावर जितके स्वच्छ होते तितके व्यवहारात उतरले नाही. संहिता गोऱ्या-काळ्यांना एकच व्याख्या लावत होती, पण गोऱ्या आरोपीचा खटला कोणी चालवायचा, याचे नियम वेगळेच राहिले. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाने ते बदलू पाहिले, तेव्हा इंग्रजांनी देशभर गदारोळ केला.

स्वातंत्र्यानंतर भारतीय संसदेने दंड संहिता ठेवली, तिच्यात भर घातली, काही कलमे न्यायालयांनी छाटली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये राजद्रोहाच्या कलमाचा वापर थांबवला आणि नव्या संहितेत त्या नावाचे कलम राहिले नाही. देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोचवणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२ वे कलम मात्र आले असून त्याची व्याप्ती किती, हा वाद न्यायालयांत पोचला आहे. समाजसेवेची शिक्षाही नव्या संहितेने प्रथमच आणली. पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारमध्ये १८६० च्या संहितेचीच परंपरा चालू आहे. सिंगापूर आणि मलेशियाच्या दंडसंहितांचे मूळही तेच.

भरतीच्या तयारीला लागलेल्या तरुणांपुढे आज जुने आकडे विसरून नवे पाठ करण्याचे काम आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहणार असल्याने पुढची काही वर्षे दोन्ही माहीत असावी लागतील. आकडे पाठ करता येतात. पण व्याख्येतला प्रत्येक शब्द का आहे, तो नसता तर कोण अडकला असता आणि कोण सुटला असता, हे समजून घेतल्याशिवाय कलम लावता येत नाही. त्या समजेसाठी व्याख्येखालची उदाहरणे सावकाश वाचावी लागतात. बैल, झाड आणि रस्त्यावरची अंगठी नव्या पुस्तकातही आहेत.